डोकं हलता कामा नये

लिफ्ट वर जाते आणि खाली येते. गेली चोवीस वर्षं मी तीच तपासते. शहरातल्या निम्म्या इमारती माझ्या सहीवर वर-खाली करतात. तेव्हा एक साधी काठी खांद्यामागे नेऊन खाली आणणं मला जमणार नाही असं कुणी म्हणालं, तर मी ऐकून घेणाऱ्यातली नाही.

म्हणाले कोण, तर आमचे धाकटे दीर.

त्या रविवारी गोल्फच्या मैदानावर मी पहिल्यांदाच आठ माणसांदेखत उभी राहिले. काठी उगारली आणि जीव खाऊन हाणली. बॉल होता तिथेच राहिला. त्याच्या शेजारचं ओंजळभर गवत मात्र मातीसकट उडालं आणि थेट दिरांच्या पांढऱ्या बुटांवर जाऊन बसलं.

"वहिनी," बूट झटकत ते म्हणाले, "माळी रजेवर गेला की तुम्हालाच बोलवत जाऊ."

आठही जण हसले. त्यात माझा नवराही होता. तो दातांचा डॉक्टर आहे, त्यामुळे हसला की अक्कलदाढेपर्यंत हसतो.

"भाऊजी," मी म्हणाले, "सहा आठवड्यांनी याच जागेवरून तुमच्यापेक्षा लांब बॉल मारून दाखवते. नाही जमलं तर ही काठ्यांची पिशवी तुमची, आणि मी पुन्हा या मैदानावर पाय ठेवणार नाही."

बोलून गेले आणि मग हिशेब केला. दीर सलग तीन वर्षं क्लबचे विजेते. आणि ती पिशवी मी पन्नाशीला स्वतःच स्वतःला भेट दिलेली. त्याआधी आयुष्यात जे काही खेळले ते मुलांबरोबर, तेही मुद्दाम हरण्यासाठी.

मी क्लबच्या कोचकडे शिकवणी लावली. त्यांनी माझा स्विंग, म्हणजे काठी फिरवणं, मोबाइलवर घेऊन मलाच दाखवला. काठी खाली येताना माझं डोकं असं काही हिंदकळत होतं, की तशी लिफ्ट असती तर मी जागच्या जागी सील ठोकलं असतं.

"बाकी सगळं नंतर," कोच म्हणाले. "घरी कुणाला तरी समोर उभं करा. त्यांनी हात लांब करून तुमचं डोकं धरायचं, तुम्ही स्विंग करायचा. डोकं हलता कामा नये."

डोकी धरण्यात माझ्या नवऱ्याचा हात धरणारा कुणी नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला हॉलमधलं टेबल भिंतीला सरकवलं. तो समोर उभा राहिला, माझं कपाळ दाबून धरलं आणि सवयीने म्हणाला, "आ करा."

तीन आठवडे हे बिनबोभाट चाललं. त्या गुरुवारी मात्र त्याला वाटलं, एका हाताने भागत नाहीये. तो दोन पावलं पुढे आला, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि म्हणाला, "घाबरू नकोस. अजून जोरात." मी अजून जोरात मारलं. काठी त्याला लागली नाही. कोपर लागलं. तासाभरात त्याचा डावा डोळा पिकल्या जांभळासारखा झाला.

आता आमच्या समोरच्या इमारतीत एक बाई राहतात. त्या दिवसभर खिडकीत असतात, म्हणून आम्ही त्यांना खिडकीकाकू म्हणतो. तीन आठवडे त्यांना रोज काय दिसत होतं? मी काठी उगारलेली, आणि डॉक्टर समोर उभे राहून, माझ्या डोक्यावर हात ठेवून मला शांत करताहेत. त्यांनी पाहिलं ते काही खोटं नव्हतं. त्यांना फक्त बॉल दिसला नव्हता. गुरुवारचा डोळा दिसल्यावर मात्र त्यांनी माझ्या सासूबाईंना फोन लावला.

सासूबाई दिरांकडे राहतात. संध्याकाळी दोघंही दारात हजर.

"काय लागलं रे?" सासूबाईंनी विचारलं.

"कोपर," नवरा म्हणाला.

"कुणाचं?"

"हिचं."

"चुकून लागलं, आई," मी म्हणाले.

"रोज सकाळी सातला चुकून?"

नवरा माझ्या मदतीला धावला. "तिची काही चूक नाही, आई. मीच तिला म्हणतो, अजून जोरात मार."

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. दीर माझ्याकडे वळले. त्यांना सगळा उलगडा झाला होता, निदान तसा चेहरा तरी केला होता.

"वहिनी, माझ्यावरचा राग दादावर काढू नका. पैज सोडून द्या. मीही विसरलो म्हणून समजा."

ही दया मला त्या आठ जणांच्या हसण्यापेक्षा जास्त झोंबली.

"पैज सुटणार नाही," मी म्हणाले. "आणि आम्ही रोज सकाळी काय करतो ते आत्ता बघा."

मी काठी उचलली. तिघंही सोफ्यामागे गेले. मी नजर फरशीवर रोवली, खांदे वळवले आणि मारलं. आयुष्यातला पहिला निर्दोष स्विंग, आणि साक्षीला सोफ्याची पाठ! काठी वर जाताना छतावरच्या दिव्यात अडकली आणि दिवा खाली आला, पण त्यात स्विंगचा काही दोष नव्हता.

काचा पडायच्या थांबल्यावर सासूबाई बाहेर आल्या. दिवा त्यांनीच दिलेला. त्यांनी काचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे डोकं धरायचं काम होतं, तर मला का नाही सांगितलंस?" त्या म्हणाल्या. "मी बुटकी आहे. कोपर माझ्या वरून जाईल."

उरलेले तीन आठवडे सासूबाई रोज सातला यायच्या. कोपर खरंच वरून जायचं.

ठरलेल्या दिवशी दिरांनी पहिला बॉल मारला. अडीचशे पावलं तरी गेला असेल. मग मी उभी राहिले. सगळे हातभर नाही, चांगले दहा हात मागे सरकले. मी मारलं. टक्‌ असा कोरडा, स्वच्छ आवाज आला. बॉल सरळ रेषेत, सुरेख, सव्वाशे पावलांवर जाऊन पडला.

आठही जण बॉलकडे बघत होते. सासूबाई एकट्याच माझ्या डोक्याकडे बघत होत्या.

"हललं नाही," त्या म्हणाल्या.

दिरांनी हात पुढे केला. "छान मारलंत, वहिनी. पण शब्द म्हणजे शब्द."

मी पिशवीकडे पाहिलं. त्या टक्‌ आवाजाने माझे तळवे अजून झिणझिणत होते.

"शब्द दिला होता, खरंय," मी म्हणाले. "तो मी मोडला. हवं तर नोटीस लावा क्लबमध्ये."

दीर न्याय मागायला आईकडे वळले. पण सासूबाईंनी पिशवी केव्हाच स्वतःच्या खांद्याला अडकवली होती आणि त्या माझ्या बॉलच्या दिशेने निघाल्याही होत्या.

"चल गं," त्या मागे न बघता म्हणाल्या. "अजून अठरा भोकं आहेत म्हणे."

आम्ही दोघी ती अठराही खेळलो. त्यात माझे चार बॉल तळ्यात गेले आणि एक कुणाच्या तरी गाडीखाली सापडला. पण ते तुम्हाला सांगायची काही गरज नव्हती.