दोनशे चार नंबरचा पेपर

"सर, तुमचं सगळं ऐकलंय मी," असं पुष्कर फोनवर म्हणाला आणि तिथेच फसला. जयसिंग हे पुण्यातले नॉइज संगीतकार. त्यांच्या संगीतात सूर नाही, ताल नाही; नुसती खरखर, घरघर आणि किंचाळणारी यंत्रं. पंचवीस वर्षांत त्यांनी तीनशे बारा ध्वनिमुद्रणं काढली होती आणि पुष्करने त्यातली मोजून चार ऐकली होती.

"मग माझ्या रविवारच्या कार्यक्रमात त्यातली पाच सर्वोत्तम तूच निवड. का निवडलीस तेही सांग," जयसिंग म्हणाले. तो दिवस गुरुवार होता.

कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये पुष्करने पहिलं लावलं, दोन मिनिटांत बंद केलं, चाळिसावं लावलं, उठला, चहा टाकला आणि चहा विसरून शंभरावं लावलं. सगळी सारखीच वाटत होती. रविवारी लोकांसमोर पितळ उघडं पडणार, या विचाराने तो येरझाऱ्या घालू लागला.

दीड वाजता सरोजिनीमावशी वामकुक्षी मोडून बाहेर आली. तिने तीस वर्षं दहावीचे पेपर तपासले होते.

"मिक्सर बिघडलाय का?"

"मावशी, हे संगीत आहे."

"असेल. बंद कधी होतं?"

पुष्करने सगळं कबूल केलं. "तीनशे बारा? दिवसाला शंभर होतील," मावशी म्हणाली. "तू येरझाऱ्या थांबव आणि मला पेन्सिल दे."

प्रत्येकाची पाच मिनिटं ऐकून शंभरपैकी गुण, तेही आधी पेन्सिलने. सगळा गठ्ठा संपला की फेरतपासणी आणि मगच पक्के गुण, ही तिची पद्धत. ती हेडफोन लावून बसली. पुष्कर दर दहा मिनिटांनी डोकावून "झालं?" विचारायचा.

"पेपर तपासताना विद्यार्थ्याने डोकावू नये."

रविवारी पाच वाजता मात्र त्याने तिच्या हातातला कागद ओढलाच आणि सर्वाधिक गुणांचे पाच क्रमांक उतरवून घेतले.

"अरे, फेरतपासणी राहिलीय! त्यातल्या दोन पेपरांबद्दल मला..."

"मावशी, रिक्षा आलीये!"

रिक्षातही त्याने तिला बोलू दिलं नाही. तो भाषण पाठ करत होता.

शनिवार पेठेतल्या छोट्या सभागृहात तीसेक माणसं होती. पुष्कर बोलता बोलता रंगला. "अठ्ठ्याऐंशी क्रमांकात सर चाचपडताहेत. तेच दोनशे चारमध्ये बघा, केवढी झेप! केवढी परिपक्वता!"

टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत मावशीचा हात वर गेला.

"दोन्ही एकच आहेत. तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी खोकतं, मग दार आपटतं. जशीच्या तशी कॉपी आहे."

पुष्कर हातातला कागद चाळू लागला. जयसिंग सावकाश उठले.

"खोकणारा मीच. त्या वर्षी डेंग्यू झाला होता, नवीन काही जमेना. जुन्यालाच नवं कव्हर लावलं. कोणी पकडतंय का, याची दहा वर्षं वाट बघतोय. सहा परीक्षणं आली, सगळ्यांना झेपच दिसली." ते मावशीकडे वळले. "बाई, आपण खरंच सगळी ऐकलीत?"

"पाच-पाच मिनिटं. बहुतेकांना त्याहून जास्त लागत नाही."

जयसिंगांनी तिला हाताला धरून स्वतःच्या खुर्चीत बसवलं. पुष्कर गुपचूप मंचाच्या पायऱ्या उतरू लागला. त्याला भयंकर लाज वाटत होती, पण तीन दिवसांत पहिल्यांदाच सुटल्यासारखंही वाटत होतं.

"कुठे निघालास?" जयसिंगांनी हाक मारली. "दोनशे चारची नवी आवृत्ती काढतोय. कव्हरच्या मागे तुझं ते झेपेचं वाक्य छापायचंय. नावासकट."