दोनशे चौकटींच्या लेलेबाई

आमच्या ग्रंथपाल लेलेबाईंना ‘नमस्कार’ म्हटलं, तरी त्या मनातल्या मनात त्यातली अक्षरं मोजत असाव्यात असा मला दाट संशय होता.

वाघोलीच्या कॉलेजात मी त्यांचा साहाय्यक. कॉलेजनं संशोधनलेखांचा डेटाबेस घेतला तेव्हा अर्धा स्टाफ बावरला. बाई मात्र खूश. शोधाच्या चौकटीत दोनशेच अक्षरं मावत. एक जास्त झालं, की कंप्युटर सरळ नकार देई. “आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी शिस्तीचं भेटलं,” असं म्हणून बाईंनी दोनशे घरांच्या चिठ्ठ्याच छापून घेतल्या. एका घरात एक अक्षर, मोकळी जागाही धरायची. एका प्राध्यापकांचा विषय घरांबाहेर गेला, तर म्हणाल्या, “संशोधन करायचंय की कीर्तन? थोडक्यात!”

हे त्यांचं पालुपद. मला रजासुद्धा त्या चिठ्ठीवर मागावी लागे.

एकदा गेटवरचे वॉचमन सातवमामा टोपी हातात घेऊन आले. “बाई, नात चार वर्साची झाली, आजून बोलत न्हाई. कंप्युटरात बघता का?”

मी सवयीनं चिठ्ठी पुढे केली. मामा त्या घरांकडे बघत राहिले. “डाक्टर बी म्हनले, थोडक्यात सांगा. थोडक्यात काय सांगू? बोलत न्हाई, एवढंच की.”

बाईंनी चिठ्ठी काढून घेतली आणि खुर्ची सरकवली. “बसा मामा. पहिल्यापासून सांगा.”

मामा तासभर बोलले. बाळंतपण, ताप, नवस, सुनेचं माहेर. बाईंनी एकदाही तोडलं नाही. मला हसू आवरेना. उठता उठता मामा म्हणाले, “लई गुणाची हाय वो. दिवाळीत दारात सुतळी बाँब फुटला, घर हादरलं. ही आपली खेळतीय.”

बाईंचं पेन थांबलं. “कान तपासलेत?”

“न्हाई.”

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. बाईंनी त्या दुपारी सात चिठ्ठ्या भरून सात वेळा शोध घेतला, लेख वाचले आणि कानाच्या डॉक्टरांसाठी पत्र लिहिलं. पाठपोट, चार पानं.

पोरीला कानाचं यंत्र बसलं. मग बरेच महिने गेले. बाई रोज गेटवर थांबून मामांना ‘बोलली का?’ विचारत, मामा नुसती नकारार्थी मान हलवत.

एका सकाळी मामा धापा टाकत लायब्ररीत शिरले. “बाई, ‘आबा’ म्हनली!”

बाईंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग खुर्ची पुढे ओढली.

“एवढ्यावर भागायचं नाही, मामा. बसा. सविस्तर सांगा.”