धबधब्याला रविवारची सुट्टी

फोरमनसाहेबांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. लग्नानंतर ती राहणार कुठे, एवढंच काय ते ठरत नव्हतं. मुलाच्या आईवडिलांचं लांब डोंगरात घर होतं, मागे फळबाग आणि पुढे ओढा. "पोरांनी या धुराड्यांच्या गावात काय म्हणून राहायचं?" असं विहीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारलं आणि साहेब खुर्चीत ताठ झाले. एकुलती एक लेक! ती त्या डोंगरात गेली की वर्षाकाठी एकदा तोंड दाखवणार.

"विहीणबाई," साहेब छाती पुढे काढून म्हणाले, "आमच्या शहरात आहे तेवढा निसर्ग तुमच्या डोंगरातसुद्धा नसेल. उद्या रविवार. दिवसभर पायी फिरवतो. संध्याकाळी तुम्हीच म्हणाल, हे गाव सोडायचं नाही."

"अहो, कुठला निसर्ग?" बायकोने त्यांना स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"आहे. तुला माहीत नाही, एवढंच."

साहेबांना माहीत होता. त्यांचा उभा जन्म कारखान्याच्या पाइपलाइनी सांभाळण्यात गेला होता आणि पाइपलाइन जिथे जिथे जाते तिथे तिथे साहेब पायी गेले होते. त्यामुळे सकाळी डबे घेऊन निघालेली मंडळी कुठल्या पायवाटेने नव्हे, तर पाइपाच्या कडेकडेनेच चालत होती. साहेब पुढे. मागे व्याही आणि विहीणबाई. त्यांच्यामागे साहेबांची बायको. लेक आणि होणारा जावई इतके मागे, की ते सहलीत होते की नव्हते हे सांगणं कठीण.

"वाफेची लाइन इथे उजवीकडे वळते," साहेब म्हणाले. "इथे फुलपाखरं असतात."

खरोखरच होती. उबदार पाइपाशेजारी रानफुलं माजली होती आणि त्यांच्यावर पिवळी फुलपाखरं नाचत होती. विहीणबाई चक्क थांबल्या. साहेबांना जोर चढला. पुढची हिरवीगार टेकडी चढताना व्याह्यांनी दम खात विचारलं, "जुनी दिसते टेकडी?"

"छे! माझ्या डोळ्यांदेखत वाढली."

"डोंगर वाढतात होय?"

"आमचे वाढतात," साहेब अभिमानाने म्हणाले. ती बॉयलरच्या राखेची टेकडी होती, हे बायकोला माहीत होतं. तिने नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की साहेब भराभर उतरायला लागले.

"आता बघा आमचा धबधबा! बारमाही. उन्हाळ्यातसुद्धा आटत नाही." नोकरीभर त्यांनी या धबधब्याशेजारी बसून डबा खाल्ला होता. शेवटचं वळण घेऊन त्यांनी झोकात हात पुढे केला.

समोर काळा कडा होता. कड्यावर शेवाळ होतं. पाण्याचा मात्र टिपूससुद्धा नव्हता.

"कुठाय धबधबा?" विहीणबाईंनी विचारलं.

"इथेच असतो."

"असतो म्हणजे? बाहेर गेलाय का?"

तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते इथे आले ते नेहमी ड्यूटीवर. रविवार त्यांनी जन्मभर झोपून काढला होता. आणि रविवारी कारखाना बंद, म्हणजे कारखान्याचं वापरून सोडलेलं पाणीही बंद. "जरा आलोच," म्हणत ते झुडपाआड गेले आणि त्यांनी कंट्रोल रूमला फोन लावला.

"अरे, मी बोलतोय. धबधबा सुरू कर."

"साहेब, आज कूलिंग टॉवरची सफाई आहे," पलीकडून ऑपरेटर म्हणाला.

"मग टॉवर सोड, बाजूचा व्हॉल्व्ह उघड. माझ्या लेकीचा प्रश्न आहे रे!"

"पण पाणी न निवता येईल. गरम."

"किती गरम?"

"अंघोळीला विसण लागणार नाही, इतपत. आणि आधी भोंगा द्यावा लागेल, साहेब. हा नियम तुम्हीच केलाय."

साहेब परत येतात न येतात तोच भोंगा झाला. मग मात्र भोंगा झाला की कामगारांना रांगेत उभं करायच्या जुन्या सवयीने दावा साधला. "सगळे एका रांगेत!" ते ओरडले. "वाऱ्याकडे तोंड! कोणी हलायचं नाही!" व्याही-विहीण घाबरून ताठ उभे राहिले. जावई आणि लेकही धावत येऊन रांगेत लागले. तेवढ्यात भोंग्याने बिचकून खालच्या लव्हाळ्यातून पांढऱ्या बगळ्यांचा अख्खा थवा उठला आणि त्यांच्या डोक्यावरून गेला.

"वा!" व्याही म्हणाले. "बरोबर जागेवर उभं केलंत हो!"

बगळे दिसेनासे होतात तोच कड्यावरून वाफाळतं पाणी धो धो कोसळायला लागलं. आता गेलंच सगळं, असं समजून साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"अगंबाई, गरम पाण्याचा झरा!" विहीणबाईंनी चपला काढल्या, साडी सावरली आणि खालच्या डोहात पाय सोडून त्या बसल्या त्या बसल्याच. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ठरलं. हे गाव सोडायचं नाही."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "मी म्हटलंच होतं! पोरांसाठी आमचा वरचा मजला रिकामाच आहे."

"पोरांसाठी कशाला? आम्ही दोघं राहतो की! माझे गुडघे किती दिवसांनी असे हलके झालेत. आमच्या ओढ्याचं पाणी म्हणजे बर्फ नुसतं. घर आणि बाग पोरं बघतील तिकडे."

"आणि दर रविवारी आपण फिरायला," व्याह्यांनी साहेबांच्या पाठीवर थाप मारली.

"अगं, पण तू..." साहेब लेकीकडे वळले.

लेक जावयाकडे बघत होती आणि जावई लेकीकडे. "बाबा, खरंच?" ती म्हणाली. "मला तर ती बाग पहिल्या दिवसापासून आवडली होती. तुम्हाला सांगायचा धीरच होत नव्हता." आणि तिने सगळ्यांसमोर साहेबांना मिठी मारली. साहेबांना हसावं की रडावं कळेना. खरं तर रडूच येत होतं.

खिशातला फोन वाजला. साहेब पुन्हा झुडपाआड गेले.

"साहेब, टॉवरची सफाई झाली," ऑपरेटर म्हणाला. "आता गार पाणी सोडू?"

"सोड" हा शब्द साहेबांच्या अगदी ओठांवर आला होता. गार पाण्याचा एक लोट, की विहीणबाई उद्या सकाळी डोंगरात परत, आणि मग घर-बाग बघायला लेक तिकडे लागणार नाही. त्यांनी फांदी बाजूला करून पाहिलं. लेक डोहाच्या काठावर सासूशेजारी बसली होती आणि बागेत काय काय लावायचं ते तिला हातवारे करून सांगत होती.

"थांब जरा," साहेब हळूच म्हणाले. "बाईंचे पाय अजून पाण्यात आहेत."