देवानंदभाऊंच्या गेमचे साथीदार

गेममधून धूर निघाला तेव्हा देवानंदभाऊंनी आधी सेल ओढून काढले आणि मग ते खाली बसले. खुर्ची हाताशी होती, तरी फरशीवर बसले. मी त्यांच्या शेजारी राहते. बापाच्या मयतीतही हा माणूस असा बसलेला मी पाहिला नव्हता.

“गेला, कौसल्याबाई,” ते म्हणाले. “आता शांताले काय ऐकवू?”

शांता म्हणजे त्यांची बायको. ती समोरच पलंगावर तांदूळ निवडत होती. धुराचा वास तिला आला, नवऱ्याचं बोलणं ऐकू आलं नाही. तिचा जन्म राइस मिलमध्ये गेला आणि मशीनच्या आवाजात कान गेले. पुरते नाही. बारीक आवाज गेले, जाड राहिले. ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, नातीचं बोलणं येत नाही. कानातलं मशीन आणून दिलं तर म्हणाली, “त्यात मले पुन्हा मिलच ऐकू येते,” आणि डब्यात टाकून दिलं.

आता गेमचं सांगते. तळहाताएवढा करडा डबा, त्याला एक काच, चार बटणं. तेव्हा भाऊ नोकरीला ऊर्जानगरला, वीज केंद्रात. राहायचे तिथेच क्वार्टरमध्ये. शांता इथे सिंदेवाहीत. पोरासाठी म्हणून त्यांनी तो गेम आणला आणि पोराच्या हाती तो कधी लागलाच नाही. भाऊ सुटीला आले की नवरा-बायको पलंगावर बसून खेळायचे. वरून विटा पडतात, त्या खाली रचायच्या. एकानं खेळायचं, दुसऱ्यानं नावं ठेवायची.

कान गेले तसा शांतानं गेम सोडला. “मुक्या खेळात काय मजा,” म्हणाली. मग हळूहळू बोलणंही सोडलं. ते भाऊंच्या जिवाला लागलं. दुसऱ्या कोणी बायकोला डॉक्टरकडे नेलं असतं. यांनीही नेलं. आणि घरी येऊन गेम उघडला.

“यात आवाज काढणारी एकच चिप आहे,” ते मला समजावून सांगत. “अन् तिचा आवाज बारीक. एकटी किती ओरडन? रातभर नाचा-गायाची दंडार एकट्यानं होते का? साथ पाहिजे, कौसल्याबाई, साथ!”

“साथ पाहिजे” हे त्यांचं कुठंही चालतं. नुसत्या वांग्याची भाजी वाढली तरी म्हणतात. बटाट्याची साथ पाहिजे.

तर त्यांनी गेमला साथीदार आणायला घेतले. आवाजाची एक जादा चिप बसवली, तिचं नाव पेटीवाला. मग दुसरी, ती ढोलकीवाला. जुनी चिप जे बारीक गाते, तेच या दोघांनी खालच्या जाड सुरात म्हणायचं, अशी तारांची जोडणी. आतला स्पीकर तेवढं जाड बोलू शकेना, म्हणून मेलेल्या रेडिओचा स्पीकर काढून पितळी डब्यात बसवला. गेमचं मागचं झाकण लागेना, ते सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलं. खिशात मावणारा गेम पिशवीत न्यायची वेळ आली.

चौकात पोरं विचारायची, “काऊन भाऊ, गेमाले पोट सुटलं का?”

“सुटलं नाई. पाहुणे आले. त्याईलेही बसाले जागा लागते.”

त्यांचं काम मात्र पाहण्यासारखं. एका चष्म्यावर दुसरा चष्मा चढवायचा, श्वास रोखायचा आणि तांदळाच्या कणीएवढ्या जागी कथिलाचा डाग द्यायचा. डाग देताना वारा नको म्हणून पंखा बंद. मे महिन्यात आमच्या भागात पंखा बंद करून बसणारा माणूस एकतर वेडा, नाहीतर मोठा कारागीर. माझं अजून ठरलेलं नाही.

डाग देताना लावलेली चिकट राळ धुवायला मग स्पिरिट लागतं. स्पिरिट संपलं, तर भाऊंनी घरातली मोहाची दारू काढली. जंगलाकडच्या गावातला त्यांचा दोस्त मैनू शांताचे गुडघे चोळायला ती आणून देतो. पहिल्या धारेची असली की चमच्यात निळी पेटते. पेटीवाला त्यांनी तिनंच धुतला होता आणि तो ठणठणीत होता. ढोलकीवाल्याच्या वेळी दुसरी बाटली हाती लागली. ती चमच्यात पेटवून पाहिली नाही. धुतला, पुसला आणि बटण दाबलं.

फरशीवर बसूनच त्यांनी आता बाटली हुंगली. “मागच्या धारेची आहे. निव्वळ पानी. मीच बुडवला.”

“अंगावरचा कपडा भिजला तर वाळवता का फेकता?” मी म्हटलं. “उठा.”

ते उठले. दोन्ही चिपा खाचेतून उपसल्या. सगळा संसार मी माझ्या चुलीमागं ठेवला, जिथं मी चारोळी वाळवते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एकेक तार तपासली. जळाली होती ती एकच तार. ती बदलली. सेल घातले आणि बटण दाबलं.

आधी तो बारीक आवाज आला. मग खालून जाड आवाज चढत आला, धानाच्या बांधीपलीकडून ट्रॅक्टर यावा तसा.

शांताचा हात सुपात थांबला. “हे कोन वाजवून राह्यलं?”

भाऊंनी डब्यासकट गेम तिच्या मांडीवर ठेवला. “ऐकू येते का? शांता! ऐकू येते का?”

“येते. ओरडता काऊन?”

ती खेळायला लागली. बोटं विसरली नव्हती. बऱ्याच विटा रचून झाल्यावर, मान वर न करता म्हणाली, “मले हा खेळ कधीच आवडला नाई.”

“मंग इतके वर्ष काऊन खेळली?” भाऊंनी तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं विचारलं.

“तुमी सुटीले यायचे अन् निघायचे. कोनाचा पंखा, कोनाचा रेडिओ दुरुस्त कराले. मी गेम काढला का बसायचे. म्हून काढत होती.”

डाग द्यायची गन अजून तापलेली होती, तिची पिन भाऊंनी बोर्डातून काढली. दारात शेजारचा कोणी पंखा घेऊन उभा होता, त्याला उद्या ये म्हणून सांगितलं आणि पलंगावर जाऊन बसले.

“डावीकडे घे, डावीकडे,” तिच्या कानाशी ओरडले. “सारी भिंत वाकडी करून ठेवली.”

“तुमीच बोलून राह्यले, म्हून.”

मी घरी निघून आले. देवानंदभाऊ आणि शांता, दोघंही सत्तरीच्या पुढचे, अजून सिंदेवाहीतच राहतात. मी भिंतीच्या अलीकडे राहते; त्यांचा गेम आणि भांडण मलाही ऐकू येतं.