नीलकेतूचे रोडगे

त्या रविवारी मी फक्त एकच भाग पाहायचं ठरवलं होतं. एका भागानं कोणाचं काय बिघडतं? (पन्नास किलो कणीक मळावी लागली. सांगतो.)

मी किशोर. अकोल्याच्या जुन्या शहरात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, घर जवळच्याच गावात. म्हणजे पंपाच्या जळलेल्या मोटारी आणून देतात, मी त्यांना नवी तार गुंडाळतो. शाळा नववीतच सोडली. दिवसभर मोटारींशी बोलायची सवय असल्यामुळे माणसांशी बोलताना मला घाम येतो. तीनपेक्षा जास्त माणसं समोर असली तर आवाज येत नाही, फक्त घाम येतो. वय एकोणतीस. पाच ठिकाणी पोरगी पाहून झाली होती आणि पाचही ठिकाणांहून 'कळवतो' असं सांगितलं होतं. अजून कोणी कळवलेलं नाही.

तर त्या रविवारी यूट्यूबवर अचानक 'नीलकेतू और सात ताले' दिसलं. मी दहा वर्षांचा असताना हे कार्टून रविवारी दहा वाजता लागायचं. धूम्रिका नावाची जादूगारीण सगळ्या राज्याचं पाणी सात कुलपांमागे कोंडून ठेवते आणि बारा वर्षांचा नीलकेतू एकेक कुलूप उघडत जातो. तेव्हा ही धूम्रिका आली की मी पलंगाखाली जायचो. आता पाहिली तर अगदी माझ्या सुभद्रा आत्यासारखी वाटली. (आत्या आली की मी अजूनही आतल्या खोलीत जातो, तो भाग वेगळा.) नीलकेतूच्या मागे तेच तीन डोंगर पुन्हा पुन्हा सरकत होते. एका ठिकाणी त्याच्या घोड्याला पाच पाय निघाले. आणि सात कुलपं सात भाग उघडत नाहीत, पण कुलपात दोन थेंब तेल टाकायचं कोणाच्याही डोक्यात येत नाही! तरीसुद्धा मी एकापुढे एक नऊ भाग पाहिले आणि दोनदा डोळे पुसले.

आई शेजारी मेथी निवडत बसली होती.

"रडून काहून राहिला रे?"

"अवं, त्याले बर्फात गोठवलं ना तिनं. हाच भाग पाहून मी नवस बोललो होतो."

बोलून गेलो. मेथी थांबली.

"कायचा नवस?"

"रोडग्याचा. आपल्या गावच्या मारोतीले. नीलकेतू सुटला तं रोडगे करीन म्हनलं होतं."

"किती?"

"सव्वा मणाचे."

दहा वर्षांच्या पोराला मण म्हणजे काय ते कुठून ठाऊक असणार? शेजारच्या धर्मपालकाकांनी बैल बरा झाला तेव्हा सव्वा मण कणकेचे रोडगे निखाऱ्यात भाजून गावाला जेवू घातले होते, तेवढं मी ऐकलं होतं. बर्फ तर मी फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेला. तो फार वेळ टिकत नाही हे माहीत होतं, पण म्हटलं धोका नको.

"मंग सुटला काय तो?" आईनं विचारलं.

"काय माहीत? शेवटच्या भागाच्या टाइमले लाइन गेली होती." त्या काळात आमच्याकडे भारनियमनामुळे लाइन असायची कमी आणि जायची जास्त.

"लाव. पाहू दे."

आम्ही मायलेकांनी शेवटचा भाग पाहिला. बर्फ वितळला, नीलकेतू सुटला, सातवं कुलूप उघडलं, राज्यात पाणी आलं. मी टाळी वाजवली. आईनं कपाळावर हात मारला.

"एकोणीस वर्षं झाले त्याले सुटून! अन् तू मारोतीले उपाशी ठेवलं! नववीत शाळा काहून सुटली तुई? गाडीवरून पडला काहून? पाच पाच पोट्ट्या पाहून सोयरीक काहून जमत नाही? मी येड्यासारखी तुई पत्रिका घेऊन गावभर फिरून राहिली!"

"अवं आई, कार्टून पहिलेच बनवून ठेवलेलं असते. मी नवस बोललो तेव्हा तो सुटलेलाच होता. मारोतीनं काईच नाही केलं."

"हे मारोतीले माहीत होतं ना?"

"होतं असंन."

"तरी त्यानं तुले अडवलं काय? नाही. म्हंजे त्याले रोडगे पायजे होते."

 यावरचं उत्तर कदाचित नववीनंतर शिकवत असतील.

येत्या शनिवारी बडनेऱ्याचे देवीदासराव घरच्यांसह आमचं घरदार पाहायला येणार होते. त्यांच्या पोरीला, आचलला, मी महिन्यापूर्वी पाहून आलो होतो. पाहून म्हणजे तिचे पाय, वेणी आणि पोह्याची प्लेट. पण हे सहावं घर, आणि त्यांनी 'कळवतो' न म्हणता चक्क 'येतो' म्हटलं होतं. मला ती फार आवडली होती. शनिवार मारोतीचाच वार, म्हणून आईनं दोन्ही कार्यक्रम एकत्र केले. मी हात जोडले, "आई, नवस कायचा हे फक्त सांगू नको." आई म्हणाली, "मी खोटं बोलत नाही. एक पोट्टा वाचला म्हनून नवस, एवढंच सांगीन."

शनिवारी गावच्या देवळासमोर गोवऱ्या पेटल्या. निखाऱ्यात रोडगे भाजले, मोठ्या गंजात वांग्याची भाजी शिजली, वरण झालं. दोनशे माणूस. आई विचारील त्याला सांगत होती, "एक पोट्टा वाचला म्हनून." आता आमच्या घरात पोट्टा एकच. पहिल्या पंगतीत मला कावीळ झाली होती. दुसऱ्या पंगतीत साप चावला. तिसऱ्या पंगतीत सुभद्रा आत्या भाजी वाढता वाढता म्हणाली, "झटके येत होते म्हंते पोट्ट्याले. आमाले तं सांग्तलं बी नाही कोनी!"

त्याच पंगतीत देवीदासराव बसले होते. ते रेल्वेत पॉइंट्समन. खात्री झाल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. त्यांनी हातातला रोडगा पत्रावळीवर ठेवला.

"किशोरराव, माही एकुलती एक पोरगी आहे. खरं सांगा. झटके आताही येतात काय?"

पंगत थांबली. बायकांच्या पंगतीतून आचलही पाहत होती. मला घाम फुटला, हात थरथरायला लागले.

"पाहा, पाहा, आलाच!" आत्या ओरडली. "कांदा आना रे!"

खरं सांगावं तर पोरगी जाते, न सांगावं तरी जाते. कांदा नाकाला लागायच्या आत मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा दोनशे माणसांपुढे आवाज काढला.

"मले काईच झालं नव्हतं! नवस नीलकेतूसाठी होता! टीव्हीवरच्या! कार्टूनमधल्या! त्याले बर्फात गोठवलं होतं!"

 निखाऱ्यावर एक रोडगा फुटला, तेवढाच आवाज.

मग बायकांच्या पंगतीतून आचल उभी राहिली.

"सुटला काय तो?"

"हो," मी म्हणालो. "शेवटच्या भागात."

"बडनेऱ्यातही लाइन गेली होती तवा," ती म्हणाली आणि खाली बसली.

देवीदासरावांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे झटके नाहीत ना?"

"नाहीत."

"मंग वाढा अजून एक रोडगा."

संध्याकाळपर्यंत सोयरीक पक्की झाली. आई मारोतीकडे पाहून मान हलवत होती, 'पाह्यलं काय?' अशी. निघताना आचल गाडीपाशी जरा थांबली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"तो खरंच सुटला ना? मीही नवस बोलली होती. अंबादेवीले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बडनेऱ्यात एक पोरगी अन् इकडे मी, एकाच लाइनीनं दोघांना अंधारात ठेवलं होतं! "किती मणाचा?"

"मणाचा नाही. केसांचा."

मी तिच्या कमरेपर्यंतच्या वेणीकडे पाहिलं. "एवढी वेणी देता?"

"माहे नाही हो. माहे केस तवा नुकतेच वाढून राहिले होते." ती पदराशी चाळा करत म्हणाली, "मी म्हनलं होतं, नीलकेतू सुटला तं होनाऱ्या नवऱ्याचे केस देईन."

मागून आईचा आवाज आला, "लग्नाच्या पहिले उरकून घेऊ. आता कोनाचा नवस राहू देनं नाही."

लग्नात फेट्यानं इज्जत वाचवली. सोमवारी दुकान उघडलं, तर पहिलं गिऱ्हाईक दूरच्या गावचे गोवर्धनकाका, खांद्यावर मोटार. माझ्या तुळतुळीत डोक्याकडे पाहून त्यांनी चपला बाहेरच काढल्या आणि हळूच विचारलं, "कवा झालं?"

"गुरुवारी," मी लाजत म्हणालो.

"अचानक?"

"नाही, दोन महिने पहिलेच ठरलं होतं."

 काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मोटार हळूच खाली ठेवली.

"मोटारीची घाई नाही बापा. तेरावं झालं की दे."