आबांचा घसा

गोकुळआबांना डॉक्टरांनी दंडावर इंजेक्शन दिलं, ते बाहेरच्या रांगेलाही ऐकू आलं. "डॉक्टरसाहेब रनअपवर शेतस... सुई निघनी... आनि गोकुळ क्लीन बोल्ड!" माणसं हसून लोळली. आबा मात्र गंभीर. कॉमेंट्री करणाऱ्यानं हसायचं नसतं, हा त्यांचा नियम.

नंदुरबारजवळच्या आमच्या गावात मिरचीचा हंगाम सरला, की मिरच्या वाळवायच्या पथारीवर टेनिस बॉलचे सामने होतात. फिल्डर शिंकत धावतात. वीसेक वर्षं माइकवर आबाच. धावसंख्या विसरतील, पण खेळणाऱ्याचं घराणं नाही. "हाऊ दखा, सुकदेवना आंडोर ऊना बॅट लिसन! बाप कधी येळवर ऊना नही, हाऊ पहिलाच बॉलले घर जाई!" षटकार गेला की, "बॉल गया तापीमा आंघोय कराले!"

सामने भरवणाऱ्या मंडळाचा सचिव मी. सामने यूट्यूबवर दिसू लागले, तशी सुरतेला, आखातात गेलेली पोरंही बघू लागली. मग आम्हांला चेव चढला. माळीगल्लीचा संघ 'रॉकेट वॉरियर्स' झाला, पाठीवर इंग्रजी नावं आली. बैठकीत एकजण म्हणाला, "अहिराणीमा बाहेरना लोकेसले काय समजी?"

हे तो अहिराणीतच म्हणाला. हसू कुणालाच आलं नाही. मलाही.

सुरतेचा एक हिंदी-इंग्रजी बोलणारा ठरला. आबांना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"आबा, यंदा आराम करा."

"मी थकना का?"

"नही आबा. आते पद्धत बदलनी."

ते उठून आत गेले. रुमालात गुंडाळलेलं माइकचं स्पंजचं टोपडं घेऊन आले. "नवा गडीले दी दे. तठे वारा भलता लागस."

सामने झकास झाले. नवा माणूस घसा ताणून ओरडला. सुकदेवचा मुलगा त्याच्या तोंडी 'बल्लेबाज नंबर सात' होता.

फायनलच्या दुसऱ्या दिवशी मंडळानं मला शाल-नारळ देऊन आबांकडे पाठवलं. दार उघडंच होतं. आबांच्या समोर तांब्याला टेकवून मोबाइल ठेवलेला. पडद्यावर भटू, त्यांचा एकुलता एक मुलगा, मस्कतला क्रेन चालवतो.

"जेवना का?" आबा म्हणाले.

"हा, आबा. तुम्ही?"

"हा."

पथारीवर दिवसभर बोलणाऱ्या माणसाला तिसरं वाक्य सापडत नव्हतं.

मग भटूच म्हणाला, "आबा, यंदा सगळ्या मॅची देख्यात. दरसाल जेवाना टाइमले आम्ही तुम्हनाच आवाज लाईसन बठतस. यंदा काबर नही ऊना?"

आबांनी दारात उभ्या असलेल्या मला पाहिलं होतं. त्यांनी नजर पुन्हा मोबाइलकडे वळवली.

"घसा बशी गया रे," ते म्हणाले.