आजोबांनी तोंड मिटून छायाचित्रे पाहिली त्याची हकीकत

सूनबाईसाहेबांचे हुजुरी विनंती ऐसीजे. आज्ञा झाली की, रविवारी नातीला घेऊन छायाचित्रांचे प्रदर्शन पाहण्यास संग्रहालयी गेलात, तिथे काय केलेत ते खरे खरे लिहून द्या, कारण तुम्हा दोघांचे सांगणे जुळत नाही. आज्ञेवरून यथास्थित लिहितो. आब राखण्याकरिता एक अक्षर फिरविलेले नाही.

मूळ कारण ऐसे. खासे आजोबा चौतीस वर्षे शाळेत फळे झिजविलेले, शिकविण्याचे भारी शौकीन. मागील स्वारीत प्राणिसंग्रहालयी माकडाच्या पिंजऱ्यापाशी शेपटीचे उपयोग सांगता सांगता सूर्य कलला, आणि हत्तीचे दार बंद झाले. त्यावरून नातसरकार, उमर वर्षे नऊ, फार नाराज झाल्या आणि तहनामा केला की, मी विचारल्याशिवाय आजोबांनी मला काही एक समजावू नये. समजाविल्यास पुढचे सगळे रविवार काकाबरोबर. काका मोबाइलात मुंडी घालून बसतो आणि कोणास काही समजावीत नाही, हा त्याचा मोठा लौकिक. आजोबांच्या ताब्यात रविवारखेरीज दुसरा मुलूख उरला नव्हता. निमूट सही केली.

मग तिकिटे काढून, पिशवी व छत्री पहारेकऱ्याचे हवाली करून, आणि दोन जिने चढताना गुडघ्यांची फितुरी सोसून फौज दालनात दाखल झाली. भिंतींवर छायाचित्रे एकूण बेचाळीस, सर्व काळी-पांढरी. आजोबांनी तोंडात दोन पेपरमिंट घालून जिभेवर चौकी बसविली. जाळे विणणारा कोळी गेला, शिडीवरचा रंगारी गेला. मग खिडकीशी ठेवलेली एक रिकामी खुर्ची आली, तिजपुढे नातसरकार फार वेळ उभ्या राहिल्या. उजेड तिरपा का पडतो, हे व्याख्यान आजोबांच्या घशापर्यंत चालून आले, ते मोठ्या शर्थीने मागे रेटिले.

इतक्यात नुसते दोन हात दाखविणाऱ्या एका छायाचित्रापाशी एका अनोळखी बाईंनी पुसिले की, आजोबा, हे हात कुणाचे हो? तहनाम्यात परक्या रयतेविषयी कलम नव्हते. आजोबांनी डावीकडची पाटी वाचून तोफ डागली की, हे हात कुंभाराचे, आणि मग माती, आणि मग चाक, आणि मग चाकाचा शोध. दहा-बारा माणसे जमली. एकाने मान डोलाविली, तेणेकरून आजोबांस अधिकच चढले. तोच पिछाडीने नातसरकार येऊन सर्वांदेखत बोलल्या की, आजोबा, ते पीठ आहे, पावाचं. पाटी फोटोच्या उजवीकडची वाचायची असते.

ऐसी शिकस्त झाली. रयत पांगली. बाई मात्र हसू दाबून म्हणाल्या की, मला कुंभारही आवडला होता.

मग फर्मान सुटले की, म्हणजे तुम्ही सगळेच फोटो चुकीचे पाहिलेत, चला परत पहिल्यापासून, आता मी सांगणार आणि मध्ये बोलायचं नाही. आणि खासे आजोबा आज्ञाधारक होऊन मागे मागे निघाले. खुर्चीपाशी नातसरकार म्हणाल्या की, हिच्यावरून कुणीतरी आत्ताच उठलंय, बघा ना, उशी अजून दबलेली आहे.

आजोबांनी चष्मा पुसून पाहिले. उशी दबलेली होती. उजेडाचे कोन मोजण्याच्या गडबडीत ती दिसलीच नव्हती. वर्गात ऐसे किती जणांनी बोट वर केले असेल आणि आपण फळ्याकडे तोंड करून उभे असू, हे मनात येऊन आजोबा गप्प राहिले. हे मौन तहातले नव्हते.

बेचाळीसही छायाचित्रे ऐकून झाल्यावर जिना उतरता उतरता नातसरकारांनी आपण होऊन विचारिले की, आजोबा, जुन्या कॅमेऱ्यात सगळं उलटं का दिसायचं? आजोबांनी चार वाक्यांत उत्तर दिले. पाचवे वाक्य दागिने घालून दाराशी उभे होते, ते परत पाठविले. नातसरकारांनी थोडा वेळ वाट पाहिली, आणखी काही येत नाही ऐसी खात्री केली, आणि पुढचा रविवार आजोबांकडे कायम केला.

येणेप्रमाणे फत्ते झाली, ती दप्तरी रुजू करावी आणि काकास कळवावे.